जवसाचे चार थेंब

पेटीमास्तरांचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. दिवाळी आठवड्यावर आलेली, शिवायच्या ब्लाउजांचा ढीग पडलेला आणि समोर एक बाई माप द्यायला हात वर करून उभी. अशा वेळी फोन घेऊ नये, पण मी घेतला.

"रविवारी अकरा वाजता तालीम आहे," मास्तर म्हणाले. "आमचा गिटारवाला नोकरीसाठी पुन्याले गेला. तुमी वाजवता म्हने. या, पाहून घेऊ. जमलं तं ठीक, नाई तं तुमसरवरून कोनाले तरी आनावं लागन."

मी टाचण्यांसकट "हो" म्हणाले. एखादी गिळली कशी नाही, देव जाणे. समोरच्या बाईचं माप मी त्या दिवशी दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा वेगवेगळं लिहिलं.

आमच्या भंडारा जिल्ह्यात भाऊबीज झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईला नाटक हवंच. आमचं गाव करडीच्या अलीकडे, लहानसं; पण नाटक मंडळ दणक्यात. स्टेजच्या पुढे खाली वादक बसतात: पेटी, तबला, ऑक्टोपॅड, गिटार. बाया स्टेजवर असतात, गातात, नाचतात, प्रेक्षकांना रडवतात. पण वादकांच्या जागेत बसलेली बाई मी आजवर पाहिली नव्हती. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी दरवर्षी सतरंजीवर पुढे जागा धरून बसते, आणि खरं सांगायचं तर अर्धा वेळ मी नाटक पाहतच नाही, गिटारवाल्याची बोटं पाहते. आता तिथेच बसायचं बोलावणं आलं होतं. माझं तर जेवणातच लक्ष लागेना.

गिटार माझ्याकडे तीन वर्षांपासून होती. साकोलीला एका बँकेतल्या साहेबांची बदली झाली, त्यांच्या सामानात ही जास्तीची निघाली, आणि मी शिवलेल्या पडद्यांच्या बदल्यात ती घेऊन आले. नवरा हसला. तो तांदळाच्या गिरणीचा ट्रक चालवतो, दिवाळीच्या दिवसांत घरी कमीच असतो, त्यामुळे फार हसायला त्याला वेळही मिळाला नाही. मामाजी, म्हणजे माझे सासरे, हसले नाहीत. ते तिला "डब्बा" म्हणायचे, आणि मी वाजवायला बसले की बैलांना पाणी दाखवायचं निमित्त काढून उठून जायचे. आमचे बैल त्या तीन वर्षांत फार पाणी प्यायले.

मी मोबाइलवर पाहून पाहून शिकले, शिलाई मशीनशेजारी बसून, लाइट गेली की. तेच नडलं. गुरुवारी संध्याकाळी मी मोठ्या उत्साहाने गिटार मांडीवर घेतली आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. गिटारच्या मानेवर एक काळपट लाकडी पट्टी असते, तिच्यावर तारा दाबायच्या; तिला फिंगरबोर्ड म्हणतात. तिच्यात धातूच्या बारीक आडव्या काड्या ठोकलेल्या असतात, ते फ्रेट; दोन फ्रेटमधली जागा म्हणजे एक घर. माझ्या फिंगरबोर्डावर मशीनचं तेल, धाग्यांचा भुसा, खडूची पूड आणि तीन वर्षांचा घाम यांचा एक थरच बसला होता. मधल्या भागात लाकूड कोरडं पडून राखाडी झालेलं. तारा गंजलेल्या. बोट सरकवलं की अडकायचं. मी स्वतःला टापटीप बाई समजत होते, तो समज त्या संध्याकाळी गेला.

शुक्रवारी काम बाजूला ठेवून मी व्हिडिओ पाहिले. सगळ्यांचं म्हणणं एकच: तारा काढा, मळ खरवडा, लाकडाला थेंबभर तेल द्या, दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसून घ्या, नव्या तारा चढवा. गिटारचं खास तेल मिळतं म्हणे. भंडाऱ्याच्या दुकानात फोन केला तर तारा होत्या, तेल मागवावं लागणार होतं. मग पुढच्या व्हिडिओत एका गृहस्थाने जवसाचं तेलही चालतं असं सांगितलं आणि मी जागची उडालेच. जवसाचं तेल! ते तर आमच्या घरात डबाभर. धान कापून झालं की त्याच बांधीत, उरलेल्या ओलीवर, आम्ही जवस टाकतो आणि तेलघाणीवरून तेल काढून आणतो.

शनिवारी सकाळी सात वाजता मी अंगणात बसले. गिटारची मान टेकवायला काहीतरी मऊ पण पक्कं हवं होतं, म्हणून धानाचं अर्धं भरलेलं पोतं ओढून घेतलं. त्यात हाताने एक खळगा केला, मान अशी बसली की हलेना. तारा सैल करून एकेक काढल्या. लाकडी पोटावर मळ पडू नये म्हणून त्यावर अस्तराचं कापड टाचलं, म्हणजे चिकटपट्टीने लावलं. टाचायची सवय जात नाही.

मग खरवडायला सुरुवात केली. हातात जुनं प्लॅस्टिकचं कार्ड, फ्रेटच्या कडेकडेने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आणि काय सांगू, मळाच्या अशा काळ्या वळ्या निघू लागल्या की किळस यावी आणि हात थांबू नये. एक घर झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. फ्रेटच्या खाचेतला मळ टूथब्रशने काढला. ओल्या आणि घट्ट पिळलेल्या कापडाने एकदा पुसलं, लगेच कोरड्याने. पाचव्या घरापर्यंत आले तेव्हा मी मोठ्याने बोलायला लागले होते, "निघ, निघ ना बाई, चिकटून काय राहिली."

कोणाशी बोलते हे पाहायला मामाजी गोठ्यातून आले. येऊन उभे राहिले. तारा नसलेली, साफ झालेली ती पट्टी त्यांनी वाकून पाहिली, अंगठ्याच्या नखाने हलकेच दाबून पाहिली, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हे तं शिसम होय!" ते म्हणाले.

"असंन, मामाजी."

"असंन काय? होय! रेषा पाह्य ना. तीन साल झाले घरात शिसम आहे अन् मले कोनी सांगून नाई राहिलं."

ते माझ्यासमोर उकिडवे बसले ते उठलेच नाहीत. तारा होत्या तोवर तो डब्बा होता. तारा निघाल्या तसं ते लाकूड झालं, आणि लाकूड म्हटलं की मामाजी ऐंशीच्या घरातले राहत नाहीत. नांगर, वखर, बैलबंडीचं जू, सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने घडवलेलं. उरलेली घरं आम्ही दोघांनी मिळून साफ केली. त्यांनी मधेच काचेचा तुकडा आणून तासायचा विचार बोलून दाखवला, तो मी हाणून पाडला. पण मला फार मजा येत होती. या अंगणात आम्ही दोघं कधी एका कामावर असे बसलो नव्हतो.

तेलाचा डबा त्यांनीच आणला. मी बोटाला गुंडाळलेल्या कापडावर चार थेंब घेतले आणि पट्टीवर फिरवले. राखाडी लाकूड बघता बघता गडद झालं, आत लपलेल्या तांबूस रेषा वर आल्या. मी ओरडलेच. मामाजी नुसते "वा, वा" करत होते. तेल क्षणात आत गेलं.

"तहानलं आहे लाकूड," ते म्हणाले.

दहाची बस गाठायची होती. तारा आणायच्या होत्या. मी चप्पल घालता घालता त्यांना सांगितलं, "मामाजी, दहा मिनिटांनी कोरड्या कापडानं पुसून घ्याल. अन् घरात ठेवाल."

"हो, हो. तू जाय."

भंडाऱ्याच्या दुकानदाराने तारा बांधून देता देता विचारलं, "फिंगरबोर्डाले काय लावलं?" मी जरा ऐटीतच म्हणाले, "जवसाचं तेल." तो म्हणाला, "थेंबभर लावलं अन् लगेच पुसलं तं काही होत नाही. राहिलं तं मात्र चिकट होते. अन् जास्त पेलं तं लाकूड फुगते, फ्रेट वर येते."

"पुसलं, पुसलं," मी म्हणाले आणि बाहेर पडले.

परतीच्या बसमध्ये बसले, खिडकीतून पिवळं पडत चाललेलं धान दिसत होतं, आणि अचानक मला आमची बंडी आठवली. धान कापणीला आलं की मामाजी दरवर्षी बंडी बाहेर काढतात आणि तिच्या लाकडाला तेल पाजतात. लावत नाहीत, पाजतात. एक हात द्यायचा, उन्हात ठेवायचं. पिऊन झालं की दुसरा हात. लाकूड नको म्हणेपर्यंत द्यायचं, असा त्यांचा नेम. आणि मी त्यांच्यासमोर तहानलेलं लाकूड आणि डबाभर तेल ठेवून आले होते.

फोन लावला, तो वाजत राहिला. मामाजींचा फोन भिंतीतल्या देवळीत असतो आणि मामाजी अंगणात असतात. पुन्हा लावला. सहा वेळा लावला. बस प्रत्येक गावाला थांबत होती, कुणी कोंबड्या घेऊन चढत होतं, कुणी उतरता उतरता कंडक्टरशी सोयरीक काढत होतं. मला त्या सगळ्यांचा इतका राग आला की विचारू नका.

घरी पोहोचले तेव्हा तीन वाजले होते. अंगणाच्या मधोमध, लख्ख उन्हात, खाटेवर गिटार उताणी. फिंगरबोर्ड तेलाने चमकत होता. शेजारी मामाजी, हातात कापड, चेहऱ्यावर मोठं समाधान.

"पाच हात देले," ते म्हणाले. "अजून पीतच आहे. तू तं चार थेंब टाकून गेल्ती, दवाखान्यातल्या औषधावानी."

"मी पुसा म्हनलं होतं ना, मामाजी!"

"पुसलं ना. पुसलं अन् पुन्हा देलं."

मी बोट लावलं. चिकट. बोट उचलताना तार निघाली तेलाची. आणि वरच्या बाजूला, पोटाजवळ, तीन फ्रेट एका टोकाने खाचेतून वर उचकलेले दिसत होते. उद्या अकरा वाजता तालीम. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला.

"हे तुमची बंडी नोहे! काहून हात लावला? माह्या कोन्त्याच वस्तूले हात लावू नका!"

मामाजींनी कापड खाटेवर ठेवलं, चप्पल घातली आणि ते शेताकडे निघून गेले. माझं म्हणणं खोटं नव्हतं. पण ज्या आवाजात मी बोलले त्या आवाजात या घरात त्यांच्याशी कोणी बोललेलं नव्हतं. मला रडूही येत होतं, लाजही वाटत होती आणि राग काही जात नव्हता.

रडायला वेळ नव्हता. गिटार आत सावलीत नेली. शेजारी दिवाळीचं रंगकाम चालू होतं, तिथून वाटीभर टर्पेंटाइन आणलं. शिंपिणीच्या घरी सुती चिंध्यांना तोटा नाही. चिंधी टर्पेंटाइनमध्ये जेमतेम ओली करायची, एक घर पुसायचं, लगेच कोरडी चिंधी, मग पुढचं घर. पहिल्या वेळी चिंधी पिवळी चिकट निघाली, दुसऱ्या वेळी कमी, पाचव्या वेळी जवळजवळ स्वच्छ. खांदे भरून आले. चिंध्या मी अंगणात सुट्या सुट्या पसरल्या, ढीग करून ठेवू नका असं त्या व्हिडिओतल्या माणसाने बजावलं होतं. शेवटी बोट फिरवलं तर सरकलं, कुठेही न अडकता सरकलं. मी एकटीच खोलीत "हाय रे हाय" म्हणाले. पण ते तीन फ्रेट तसेच उचकलेले. अंगठ्याने दाबले की खाली जायचे, सोडले की वर.

दिवे लावायच्या वेळेला मामाजी परत आले. हातात छोटी लाकडी हातोडी, तिच्या तोंडाला जुन्या चपलेचा तुकडा चिकटवलेला. शेतावरच्या खोपडीत, म्हणजे झोपडीत, बसून ती त्यांनी तेवढ्यात तयार केली होती. माझ्याकडे न पाहता ते गिटारपाशी बसले, डोळा बारीक करून मानेच्या रेषेत पाहिलं.

"काडी खराब नाई झाली," ते म्हणाले. "लाकूड फुगलं, त्यानं काडीले वर देलं. मीच फुगवलं. आता हळूहळू बसवा लागते."

"मी जास्तच बोलली, मामाजी."

"बोलली तं बोलली. पोतं आन."

मी पोतं आणलं. मान त्यात दाबून धरली. त्यांनी एका टोकाकडून सुरुवात केली, टक, टक, इतक्या हलक्या हाताने की हातोडी उचलतात की नाही कळू नये. पहिला फ्रेट बसला. दुसरा बसला. तिसरा बसला आणि पुन्हा वर आला, त्यांनी पुन्हा बसवला, बोटाने वाट पाहिली, पुन्हा दोन टोले दिले. "याचा भरोसा नाई," ते म्हणाले. मग मी नव्या तारा चढवल्या. सहावी तार ताणून सुरात आणली आणि सगळ्यांवरून हात फिरवला. तीन वर्षांत असा आवाज त्या गिटारने दिला नव्हता. भरलेला, मोकळा, घरभर. मामाजी बैलांना पाणी दाखवायला उठले नाहीत. मी लागोपाठ चार गाणी वाजवली, जेवायला उशीर झाला, कोणाची तक्रार नव्हती.

रविवारी मी निघाले तर मामाजी धुतलेलं धोतर नेसून दारात. हातात कापडी पिशवी. "कुठं, मामाजी?" म्हणून विचारलं तर म्हणाले, "तिसऱ्याचा भरोसा नाई म्हनलं ना." पिशवीत हातोडी होती.

समाजमंदिरात मंडळी जमली होती. मी आत गेले. तबलजींनी सरकून जागा दिली. ती जागा थोडी जास्तच दिली, जसं काही मी तिथे पसरून झोपणार होते. मास्तरांनी सूर दिला, मी तारा लावून घेतल्या. पहिलं गाणं सुरू झालं आणि चार ओळींत माझी भीती गेली, कारण बोटं कुठे अडकतच नव्हती! मी पुढे धावत होते, मास्तरांनी पेटीवरूनच डोळ्यांनी "हळू" सांगितलं. ऑक्टोपॅडवाला हसला, मीही हसले. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

दुसऱ्या गाण्यात मधे गिटारचा एक छोटा तुकडा होता, वरच्या घरांतला. तिथे बोट नेलं आणि तार खर्र करून बसली. तिसरा फ्रेट. पुन्हा दाबलं, पुन्हा खर्र. मास्तरांचा हात थांबला. तबला थांबला. कोणीतरी मागे म्हणालं, "तुमसरले फोन लावा तं खरा." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामाजी दारातून उठून सतरंजीवर आले. चपला काढायला विसरले नाहीत. माझ्या मांडीवरची गिटार त्यांनी आडवी केली, खाली स्वतःची मांडी दिली, दोन तारा बाजूला सारून मधून हातोडीचं तोंड घातलं. टक, टक. थांबले. टक.

"चालू द्या," मास्तरांना म्हणाले आणि तिथेच बसून राहिले.

मी तो तुकडा वाजवला. पुन्हा एकदा वाजवायला सांगितला, पुन्हा वाजवला. तिसऱ्या वेळी मास्तरांनी सांगितलंच नाही, मीच वाजवला, आणि पेटी माझ्या मागून आली. गाणं संपलं तेव्हा मास्तर घाम पुसत म्हणाले, "उद्यापासून रोज या. उशीर नाई झाला पाहिजे."

मंडळाचे सचिव जाहिरातीचा मजकूर लिहीत होते, वादकांच्या नावांसकट तो छापायला जाणार होता. "गिटार," त्यांनी लिहिलं आणि पेन उचललं. "नाव काय टाकू?" गावात मला अमक्याची बायको, नाही तर शिवणवाली म्हणतात. एकाने सुचवलं, "सौभाग्यवती लिहून पुढं नवऱ्याचं नाव टाका." दुसरा म्हणाला, "वहिनी लिहा, सगळेच ओळखते." मी उत्साहाने इतकी गोंधळले होते की मलाच सुचेना.

मामाजी हातोडी पिशवीत घालत होते. मान वर न करता त्यांनी नाव सांगितलं.

ते माझं माहेरचं नाव होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं, ते नवं नाव मामाजींनीच निवडलेलं. तेव्हापासून एकोणीस वर्षं जुन्या नावाने मला या गावात कोणी हाक मारली नव्हती. ते त्यांना आठवत असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी तारांवर तळहात ठेवून बसले.

सचिवांनी नाव लिहिलं. "अन् पुढं?" त्यांनी विचारलं.

"पुढं काई नाई," मामाजी म्हणाले. "तेवढंच छापा."